आधी सांगा, लॅपटॉपवर बसणार कोण?

गंगाखेडकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. काकांनी इंजिनिअरिंगला असताना घेतलेला लॅपटॉप घरात पडून आहे. २०१३ चा, कोअर आय-थ्री तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चालू व्हायलाच सहा-सात मिनिटं घेतं. बहीण स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, तिला तो हवाय. वडील निवृत्त शिक्षक, त्यांना मराठीत लिहायचं असतं आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत. घरात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, कुणी पाहिलेली नाही. मिंट, लुबुंटू, झोरिन, एमएक्स अशी तिच्या प्रकारांची नावं ऐकून गोंधळ उडालाय. यातलं सोपं आणि हलकं कोणतं?

घाई असेल तर एका ओळीत सांगतो: लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. पण तेवढंच वाचून आज रात्री पेन ड्राइव्ह लावू नका. परभणीत अठरा वर्षं लॅपटॉप उघडतोय मी. ‘लिनक्स टाकलं पण जमलं नाही’ म्हणून परत आलेल्या लोकांत मिंट की लुबुंटू हा घोळ क्वचितच असतो. कुणाचं काम त्यावर होतच नव्हतं, कुणाच्या मशीनचा आजार भलताच होता.

तर पहिल्यांदा मशीन. ‘सर, हे लई हँग व्हायलंय’ म्हणून लॅपटॉप समोर येतो, तेव्हा मी आधी पंखा ऐकतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात धूळ. मानवत-सेलूकडून, जिनिंगच्या आसपासच्या घरांतून येणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यात तर कापसाच्या तंतूंची चक्क वात झालेली असते. हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. अशा मशीनवर कुठलीही सिस्टीम टाका, रडणारच. पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग विंडोजमध्येच टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. काहीही चालू नसताना तो १०० टक्क्यांवर चिकटून बसला असेल, तर दोष बहुतेक त्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. तिथं पिवळा किंवा लाल रंग दिसला तर बाकी सगळं सोडा आणि बाबांच्या फाइली आजच दुसरीकडे काढून ठेवा.

माझं स्पष्ट मत आहे: २०१३ च्या लॅपटॉपला लिनक्सपेक्षा आधी एसएसडी लागते, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. दुकानदार एनव्हीएमई दाखवील, ती छोटी पट्टीसारखी असते, ती या मशीनमध्ये बसत नाही. भाव सतत वर-खाली होतात, म्हणून आकडा देत नाही, दोन ठिकाणी विचारून घ्या. पैसे उरले तर ४ जीबीची आणखी एक रॅम. तुमच्या तिसऱ्या पिढीच्या मशीनला साधी डीडीआर-३ चालते आणि कमी व्होल्टेजची डीडीआर-३ एल सुद्धा चालते. चौथ्या पिढीच्या मशीनला मात्र एलच लागते, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर डोळे झाकून एसएसडी घ्या.

एवढं केल्यावर विंडोजच का नको, असं बाबा विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेल्या मशीनवरच बसतं, तुमचं मशीन त्यात बसत नाही. तपासणी चुकवून ११ टाकून देणारे आहेत, तुमच्या गावातही सापडतील. पण ४ जीबीवर ते कसं चालतं ते मी बघितलंय. मुलीचा अभ्यास त्या भरवशावर सोडू नये.

आता माणसं. बहिणीपासून सुरू करतो, कारण तिचं सोपं आहे. तिचं जवळपास सगळं काम ब्राउझरमध्ये आहे: आयोगाच्या साइटवर अर्ज, जाहिरातींच्या पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चरं, चाचणी मालिका, नोट्स. फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच असतो, क्रोम हवा असेल तर तोही मिळतो. वर्डऐवजी लिबरऑफिस. अर्जासाठी फोटो ५० केबीच्या आत बसवायची कसरत सगळ्यांनाच करावी लागते. ते गिम्प नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीजी म्हणून जतन करताना दर्जाची पट्टी डावीकडे सरकवली की होतं, प्रिव्ह्यूच्या चौकटीत टिक केली की फाइलचा आकार तिथंच दिसत जातो. त्यासाठी नेट कॅफेत दहा रुपये देऊ नका.

तिला एक गोष्ट मात्र आधीच समजावून सांगा. ४ जीबीत सिस्टीम कितीही हलकी टाकली तरी रॅम खाणार ब्राउझरच. मिंट एक्सएफसीई सुरू होऊन नुसतं बसलं की साधारण एक जीबीच्या आसपास घेतं. उरलेल्या तीन जीबीत तिनं पंचवीस टॅब उघडले, एकात यूट्यूब, एकात टेलिग्राम, तर लिनक्स काही जादू करणार नाही. पाच-सात टॅब, ठीक. यूट्यूब अडखळत असेल तर एक युक्ती सांगतो. यूट्यूब हल्ली व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या नव्या पद्धतीनं व्हिडिओ पाठवतं. तुमच्या जुन्या चिपमध्ये ते उलगडायची सोय नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ‘एच-२६४-इफाय’ नावाचं छोटं एक्सटेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं की व्हिडिओ जुन्या एच-२६४ पद्धतीत येतो. ती पद्धत प्रोसेसरवर हलकी पडते आणि तुमच्या चिपला मुळातूनच येते. लेक्चर ४८० वर ठेवा, फळ्यावरचं अक्षर तेवढ्यात नीट दिसतं.

बाबांचं प्रकरण अवघड आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर आतून मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की ‘माननीय’च्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. लिनक्समध्ये त्या फॉन्टच्या फाइली टाकल्या तर लिबरऑफिसमध्ये जुनी पत्रं बहुतेक दिसतात, छापताही येतात. पण त्या फॉन्टात टाइप करायचं जे सॉफ्टवेअर आहे ते विंडोजचं, ते इकडे चालवायच्या भानगडीत पडू नका. नवीन लिखाण युनिकोडमध्येच सुरू करा, म्हणजे मोबाइलवर चालतं तेच मराठी, कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणारं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, जोडता येतं. मेनूमध्ये ‘इनपुट मेथड’ म्हणून आहे, तिथून आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवलं की फोनेटिकही मिळतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करणं. इन्स्क्रिप्ट शिकायला एक-दोन आठवडे जातात, पण बाबांना मास्तरकीची सवय आहे, ते शिकतील. ळ हवा तर शिफ्ट धरून एन. ‘तऱ्हा’मधला ऱ शिफ्ट धरून जे वर आहे, त्याला डी वरचा हलन्त लावायचा. फॉन्ट लोहित मराठी घ्या, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल बघून बाबा पहिल्याच दिवशी लॅपटॉप मिटून ठेवतील. माझ्या वडिलांनी ठेवला होता.

आणि तरीही पंधरा वर्षांच्या फाइलींसाठी विंडोज पूर्ण उडवू नका. एसएसडी घेणार असाल तर मार्ग सोपा आहे. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, तिच्यावरचं काही पुसायचं नाही. एसएसडीवर मिंट टाका. मग डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणारी कॅडी मिळते, तिच्यात जुनी डिस्क बसवा. घेताना ड्राइव्हची जाडी बघून घ्या, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूमधून हवी ती डिस्क निवडायची. बहुतेक मशीनवर हे चालतं, काही मशीनचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) कॅडीतल्या डिस्कवरून सुरू व्हायला नकार देतात. तसं झालं तर निदान फाइली तरी मिंटमधून उघडतात. ते विंडोज इंटरनेटला जोडायचं नाही, फक्त बाबांच्या जुन्या पत्रांसाठी.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा म्हणतो, त्यामागं माझीच एक चूक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं सांगितलं, ‘सी मधलं सगळं उडवा, महत्त्वाचं सगळं डी ला ठेवलंय.’ दिवाळीच्या आधीची गर्दी होती. मी ‘डिस्क पूर्ण पुसा’ हा पर्याय निवडला आणि पुढं गेलो. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, पूर्ण म्हणजे दोन्ही. बहिणीच्या लग्नाचे फोटो होते त्यात. रिकव्हरी करून निम्मे मिळाले. त्यांनी मला काही बोललं नाही, पण दुकानात परत आले नाहीत. तेव्हापासून, डेटा असलेली डिस्क बाहेर काढता येत असेल तर मी तिला आत ठेवून इन्स्टॉल करत नाही.

एसएसडी घेणं जमणारच नसेल आणि एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल, तर मिंटचं इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी जागा करून देतं. आधी फाइलींची प्रत काढा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि मग लिनक्समधून त्या कप्प्यात काही लिहिता येत नाही.

ज्यांनी लिनक्सच्या नादी लागूच नये असे लोकही आहेत, आणि ते आधी सांगितलेलं बरं. आधारच्या अंगठ्याचं यंत्र वापरणारे सेवा केंद्रवाले, टॅलीवर हिशेब ठेवणारे, सरकारी संगणक टायपिंग परीक्षेचा सराव करणारी मुलं. यांची सॉफ्टवेअरं विंडोजसाठी बनलेली असतात. जुगाड करून काही चालतं, पण नेमकं मार्च अखेरीला बंद पडतं. तुमच्या घरात यातलं कुणी नाही, म्हणून पुढं जाऊ.

आता त्या चार नावांचं. लुबुंटू मिंटपेक्षा हलकं आहे, दिसायला साधं, वाईट अजिबात नाही. पण लुबुंटूच्या २४.०४ ला तीन वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, आणि त्याच उबुंटू २४.०४ च्या पायावर उभ्या असलेल्या मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत. ज्या घरात दोन वर्षांनी नवी आवृत्ती चढवणारं कुणी नाही, तिथं हा फरक मोठा. शिवाय लुबुंटू ज्यातलं आहे त्या उबुंटूच्या घराण्यात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पेटीत बांधून येतो, जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला चांगलाच वेळ घेतो. मिंटनं स्नॅप बाजूला ठेवलंय, तिथं फायरफॉक्स सरळ येतो. झोरिन देखणं आहे, विंडोजवरून आलेल्यांना आवडतं, पण ४ जीबीवर मी ते देत नाही. एमएक्स डेबियन नावाच्या जुन्या लिनक्सवर आधारलेलं, दणकट, मला स्वतःला फार आवडतं, माझ्या दुकानातलं मशीन त्यावरच आहे. पण त्याची पट्टी पहिल्यांदा डाव्या बाजूला उभी दिसते आणि सेटिंगची दोन-तीन वेगवेगळी दुकानं आहेत. नवखा माणूस चुकतो.

मिंटमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. बाबांना काही शोधावं लागणार नाही. मिंटच्याही तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबीला एक्सएफसीई. रॅम ८ केली आणि एसएसडी असली तर सिनॅमन खुशाल घ्या, जास्त नीटनेटकं आहे.

२ जीबीवालेही विचारतात. त्यांना अँटिएक्स किंवा एमएक्स, आणि अपेक्षा खाली आणा, एका वेळी दोनच टॅब. ३२ बिटचे जुने नेटबुक असतील तर दारं एकेक बंद होत चाललीत. मिंटची नेहमीची आवृत्ती २०२० पासून, म्हणजे २० पासून ३२ बिटमध्ये येत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ नं ३२ बिटचं इन्स्टॉलर बंद केलं. तिथं डेबियन १२ किंवा पपी लिनक्स. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आपल्या देशाचं म्हणून काहीजण मागतात. टाकायला हरकत नाही, पण रात्री दहाला काही अडलं तर उत्तर शोधायला मिंट-उबुंटूवाल्यांची गर्दी जास्त कामी येते. आणि कॉलेजची पोरं येऊन काली मागतात, हॅकिंग शिकायचंय म्हणून. काली बनवणारेच सांगतात की ते नवख्यांसाठी नाही. मी त्यांना मिंट टाकून देतो आणि वॉलपेपर काळा लावतो.

टाकायचं कसं, तेही सांगतो. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती मधेच अडकते आणि अर्धवट उतरलेल्या फाइलीवरून इन्स्टॉल केलं की विचित्र चुका येतात. वायफाय असलेल्या मित्राकडे जा किंवा टोरेंटनं उतरवा, ते थांबलं तरी जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. विंडोजवर रुफस किंवा एचर वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती फाइल कॉपी केली तर त्यावरून लॅपटॉप सुरू होणार नाही, हे दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं. पेन ड्राइव्ह लावून डेलला किंवा लिनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९ दाबत सुरू करा. पहिल्या मेनूत मीडिया, म्हणजे पेन ड्राइव्हवरची फाइल, तपासायचा पर्याय असतो, तो एकदा चालवा.

मग लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालतं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून उघडल्यावर परत जागं होतंय का, हे सगळं त्या तासाभरात बघून घ्या. पेन ड्राइव्हवरून चालताना ते हळूच वाटणार, वेगाचा अंदाज त्यावरून बांधू नका. वायफाय दिसत नसेल तर बहुतेक ब्रॉडकॉमची चिप असते, त्या काळच्या लॅपटॉपमध्ये ती पुष्कळ सापडते. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेथरिंग चालू करा, इंटरनेट येतं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर बसवा.

प्रिंटर घरी असेल तर तोही याच वेळी लावून बघा. एचपीच्या बहुतेक लेसर प्रिंटरना एचपीलिप नावाचा ड्रायव्हर सांभाळून घेतो, १०२० सारख्यांना वर एक प्लगइन लागतं. झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तो कॅनॉनचा एलबीपी २९०० असेल तर ड्रायव्हर आहे, पण बसवणं नवख्याचं काम नाही. त्यापेक्षा पीडीएफ मोबाइलवर पाठवून बाहेर छापून आणलेलं परवडतं.

लाइटचं विसरू नका. या वयाच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, म्हणजे तो फक्त वायरवर चालतो, आणि इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. गावात लाइट कधी जाते ते तुम्हाला माहीत असणार, ती वेळ टाळा किंवा इन्व्हर्टरवर लावा. एसएसडीवर वीस मिनिटं, जुन्या डिस्कवर पाऊण तास धरून चला. भाषा निवडताना इंग्रजीच ठेवा असं माझं मत. मराठी निवडता येतं, पण भाषांतर सगळीकडे पोचलेलं नाही. शिवाय काही अडलं आणि बहिणीनं शोधायला घेतलं, तर पडद्यावरचे शब्द आणि उत्तरातले शब्द जुळायला हवेत. मराठी टाइप करण्याशी याचा संबंध नाही, ते चालूच राहतं.

बसवून झालं की पहिल्या संध्याकाळी दोनच कामं करा. अपडेट मॅनेजर एकदा पूर्ण चालवा. आणि टाइमशिफ्ट उघडून त्याला आठवड्यातून एक प्रत ठेवायला सांगा, दोन प्रती पुरे. उद्या कुणाच्या हातून काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या आठवड्यासारखी करता येते. टाइमशिफ्ट फक्त सिस्टीम सांभाळतं, बहिणीच्या नोट्स नाही. त्या पेन ड्राइव्हवर वेगळ्या.

पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न येणार हे नक्की. ‘सी ड्राइव्ह कुठंय?’ नाही. ‘होम’ नावाचा एकच फोल्डर आहे, सगळं त्यात. आणि ‘अँटिव्हायरस कोणता टाकू?’ कोणताही नको. पण कुणी सांगितलं म्हणून टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) सुडोनं, म्हणजे सिस्टीम बदलायचे पूर्ण अधिकार देणाऱ्या शब्दानं, सुरू होणारी ओळ न समजता चिकटवायची नाही, एवढं बहिणीला सांगा. तिसरा प्रश्न आला तर पंख्याचा आवाज कसा येतोय ते ऐकून मला कळवा.